दर दहा सेकंदांनी एक

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. बाबा मला लहानपणापासून भिंगरी म्हणत आलेत. आता केस पिकले, चष्मा लागला, तरी नाव तेच. त्यामुळे मी सलग तीन आठवडे एका भिंतीवर नजर ठेवून होते असं सांगितलं, तर आमच्या ओळखीतलं कुणीही विश्वास ठेवणार नाही. खरं म्हणजे नजर माझी नव्हतीच. बघत होता तो माझा फोन. मी त्याच्या आजूबाजूला येरझाऱ्या घालत होते.

घर आमचं छोटं. पुढे माझी शिवणाची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे बाबांची खोली. बाबा गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि त्यातली एकही भिंत कधी हलली नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. मी कपडे शिवते, म्हणजे हल्ली जास्त करून उसवते. कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चौदा वर्षांपूर्वी परत आले. आई तोवर गेली होती. तेव्हापासून या घरात आम्ही दोघं, आणि दोघांच्याही नाकावर राग.

मागच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत व्हायची होती. त्यांनी चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि पत्र्यांच्या पलीकडे खोदायचं मशीन आणलं. सकाळी आठला धडधड सुरू व्हायची ती संध्याकाळी सहापर्यंत. कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. डब्यातली बटणं मी न हलवताच सारखी होऊन बसायची. चौथ्या की पाचव्या दिवशी मी बाबांची चादर बदलायला गेले, तर त्यांच्या उशाशी भिंतीला भेग. स्वयंपाकघराच्या दाराच्या कोपऱ्यातून निघालेली, तिरकी वर छतापर्यंत गेलेली. बोट नाही, पण माझं नख आत गेलं.

"बाबा, भिंत चिरली."

"गिलावा चिरलाय," त्यांनी न बघताच सांगितलं. "माझी भिंत चिरत नाही."

"माझं नख आत जातंय!"

"मग नखं काप."

मी त्याच दिवशी त्यांची खाट हलवली. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तीस वर्षं या भिंतीकडे उशी करून झोपलोय, आता काय मला झोपायला शिकवतेस, वगैरे. मी ऐकलं नाही. खाट फरफटत नेली आणि समोरच्या, खिडकीच्या भिंतीला टेकवली. त्या भिंतीवर चरा नव्हता. दोन वर्षांपूर्वीचा रंग अजून नवाकोरा दिसत होता. उशी मी स्वतः थोपटून ठेवली. माझं म्हणणं खरं तर एवढंच होतं की खोदकाम संपेपर्यंत बाबांनी पुढच्या खोलीत यावं, नाहीतर आपण दोघांनी दोन-तीन महिने दुसरीकडे खोली बघावी. पण ते हट्टाला पेटले होते. "मिस्त्री स्वतःच्या भिंतीला घाबरून पळाला, असं ऐकायचंय मला या वयात?" पुढची खोलीसुद्धा नको. खाट हलली तेवढीच माझी जीत.

नगरपालिकेत अर्ज केला. इंजिनिअर बाई आल्या. तरुण होत्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फाइल. त्यांच्या येण्याआधीच बाबांनी आपली करामत करून ठेवली होती. जुन्या गवंड्यांची एक पद्धत असते. भेगेवर आडवी काचेची पट्टी धरायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावायचा आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायची. भिंत सरकत असेल तर काच तडकते. बाई त्या पट्टीवर एकदम खूश झाल्या.

"हे हल्ली कुणी करत नाही," त्या बाबांना म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "काच शाबूत आहे तोवर घाबरण्यासारखं काही नाही. तडकली की लगेच कळवा."

"आणि काच तडकण्याऐवजी भिंतच आली तर?"

"पुरावा लागतो हो, मावशी."

मावशी म्हटल्याचा राग जास्त आला की पुराव्याचा, आता सांगता येत नाही. बाबा मात्र दिवसभर शीळ वाजवत होते.

पुराव्याचा रस्ता मला दाखवला तो एका गिऱ्हाइकाने. लग्नाचे फोटो काढतो तो. कोट पोटावर बसत नव्हता म्हणून आला होता, आणि मी टाचण्या लावेपर्यंत फोनवर आपली कामं दाखवत होता. एक व्हिडिओ लावला. रिकामा हॉल, मग खुर्च्या भराभर रांगेत येऊन उभ्या राहतात, फुलं भिंतीवर चढतात, माणसं इकडून तिकडे नुसती सुटलेली. सहा तासांचं काम चाळीस सेकंदांत. टाइम-लॅप्स म्हणतात याला, तो म्हणाला. फोन एका जागी ठेवून द्यायचा, तो ठरावीक वेळाने एकेक फोटो घेत राहतो, आणि मग सगळे फोटो भराभर पळवायचे.

"डोळ्याला जे हललेलं कळत नाही ना, ते यात कळतं," तो म्हणाला.

माझ्या हातातली टाचणी त्याच्या पोटात गेली. सॉरी म्हणायचंही मला सुचलं नाही. मी त्याला तिथल्या तिथे माझ्या फोनमध्ये ते ॲप घालून द्यायला लावलं. त्याने सगळं समजावलं. दर दहा सेकंदांनी एक फोटो ठेवा. आठ तासांचे होतील दोन हजार आठशे ऐंशी. चालवले की दीड मिनिटाचा व्हिडिओ. फोन हलता कामा नये. मध्ये कुणाचा फोन येता कामा नये, म्हणून फ्लाइट मोड. आणि हात लावायचा नाही, उचलून बघायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही.

हे शेवटचं त्याने कुणाला सांगितलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फोन बाबांच्या खोलीत स्टुलावर ठेवला, दोन्ही बाजूंनी दोऱ्याची रिळं लावून. संध्याकाळी चालवून बघितला. भेग थयथय नाचत होती, कारण खोदायच्या मशीनने स्टूल नाचत होतं. आणि त्या नाचणाऱ्या भेगेसमोरून सारखी एक बाई जात होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मध्येच फोनच्या तोंडात डोकावून. बाबांनी मोजलं. दीड मिनिटात एक्केचाळीस वेळा. ते खाटेवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. महिन्याभरात पहिल्यांदा हसत होते. मी चिडले, पण पाणी आणून दिलं.

दुसऱ्या वेळी स्टुलाच्या पायांखाली घड्या घातलेलं गोधडीचं कापड दिलं आणि स्वतःला पुढच्या खोलीत कोंडून घेतलं. काय सांगू, तो दिवस मला जन्मठेपेसारखा गेला. फोन नाही हातात. किती वाजले बघायला फोन नाही, गिऱ्हाइकाला निरोप द्यायला फोन नाही. शिवणयंत्र चालवावं तर त्याचा हादरा मागपर्यंत जाईल ही भीती, म्हणून हातशिलाई. एकाच साडीचा फॉल मी तीनदा उसवला. दाराशी जाऊन कान लावायचे. कान लावून काय ऐकू येणार होतं? फोटो काढताना तो फोन साधं खट्टसुद्धा करत नव्हता.

पण संध्याकाळी व्हिडिओ बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. भेग श्वास घेत होती. रुंद व्हायची, मिटायची, परत रुंद व्हायची.

मी तशीच चप्पल पायात सरकवून फोटोवाल्याच्या दुकानात गेले. त्याने दहा सेकंद बघितलं आणि माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "एक्स्पोजर लॉक केलं नाही तुम्ही. ढग आला की उजेड कमी होतो, मग फोन आपल्या मनाने चित्र उजळ करतो. ऊन आलं की परत गडद. भेग तिथल्या तिथेच आहे. फोनला फार शहाणपणा करू द्यायचा नाही." फोकससुद्धा असाच कुलूपबंद करायचा, त्याने दाखवलं. मी घरी आले, खिडकीला जाड पडदा लावला आणि दिवसभर एकच बल्ब जळता ठेवायचं ठरवलं. बाबा म्हणाले, आता मी दिवसासुद्धा अंधारात राहायचं का? मी म्हटलं, पुढच्या खोलीत या की. ते पडद्याकडे पाठ करून पडून राहिले.

स्टुलाचा काही भरवसा नव्हता, म्हणून शेवटी लोखंडी पट्टीचा स्टँड आणला. भिंतीत स्क्रूने पक्का करायचा आणि त्यात फोन अडकवायचा. भेगेच्या बरोबर समोर म्हणजे खिडकीच्या भिंतीवर, बाबांच्या खाटेच्या वर. मी ड्रिल घेऊन खाटेवर चढले तसे बाबा उठले.

"माझ्या धडधाकट भिंतीला भोकं पाडतेस?"

"दोनच."

"तुझं भोक तिरकं जाणार. आण इकडे."

आणि पायात वाताची कळ असलेला तो माणूस खाटेवर चढला, दोन भोकं पाडली, स्टँड बसवला, हात झटकले. चुकीच्या कामातसुद्धा वाकडं काम त्यांना बघवत नाही. खाली उतरून ते आपल्या जुन्या पिशवीतून ओळंबा घेऊन आले. दोऱ्याच्या टोकाला पितळी वजन, गवंड्यांचं भिंतीचं सरळपण तपासायचं साधन. भेगेच्या शेजारी खिळा ठोकून त्यांनी तो लोंबता सोडला.

"काढ आता फोटो. माझा ओळंबापण दिसू दे त्यात. दोरा आणि भिंत यांच्यामध्ये केसभर फरक पडला, तर तू म्हणशील तिथे राहायला येतो."

शब्द दिला म्हणजे दिला. मला एवढंच हवं होतं.

मग मात्र मी शिस्तीत राहिले. फोन जागेवरच राहायचा, चार्जरची वायर लावलेली. रोज सकाळी आठला सुरू, सहाला बंद. काढायचा नाही म्हणून बघायचं तेही तिथेच, बाबांच्या उशीशेजारी पाय रोवून, मान वर करून. आठवडा गेला. काच शाबूत. भेग शाबूत. दोरा भिंतीला समांतर, जसा पहिल्या दिवशी तसाच. बाबा रोज विचारायचे, "काय म्हणते माझी भिंत?" मी दात-ओठ खात खाटेवरून उतरायची.

एक गोष्ट कबूल करते. मला ती भेग वाढायला हवी होती. माझा बाप त्या खोलीत झोपत होता आणि मी रोज संध्याकाळी खाटेवर चढून, भेग वाढली का, म्हणून आशेने बघत होते. न वाढल्याचं मला वाईट वाटायचं. मला बरोबर ठरायचं होतं, बाकी काही नाही. आता त्याची लाज वाटते, तेव्हा नाही वाटली.

नवव्या दिवशी सगळे तुकडे जोडून एकदम चालवले. भिंत, भेग, काच, दोरा, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त एक खटकलं. कपड्याचा उभा धागा जरा जरी तिरका कापला गेला तरी तो माझ्या डोळ्यात सलतो, तसा मला तो दोरा सलला. पहिल्या दिवशी तो चित्राच्या कडेला अगदी धरून होता. नवव्या दिवशी वरचं टोक कडेपासून सुटलं होतं, एका टाक्याएवढं असेल. दोरा, भिंत, दार, सगळं मिळून एका अंगाला झुकल्यासारखं.

फोन घसरतोय, मी म्हटलं. झालं, नऊ दिवसांची मेहनत पाण्यात. स्क्रू पिळले, फोन परत दोऱ्याशी जुळवून सरळ केला. तीन दिवसांनी परत तिरका. स्टँडखाली रबर घातलं, फोनला वरून पट्टी गुंडाळली. आणखी तीन दिवसांनी, परत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळी चीड मी त्या स्टँडवर काढत होते, दुकानदारावर काढत होते, बाबांवर काढत होते.

"तुम्हीच बसवलाय ना? म्हणून घसरतोय."

हे त्यांना लागलं. खाट हलवून त्या दिवशी एकविसावा दिवस होता. सकाळची वेळ, मशीन नुकतंच सुरू झालेलं. बाबा खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"दाखव मला," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून कधी बघायला मागितलं नव्हतं.

फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला. एकदा बघितलं. "परत लाव." परत लावलं. "परत." तिसऱ्या वेळी ते ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होते.

"कितीदा घसरला म्हणालीस?"

"तीनदा."

"दरवेळी त्याच अंगाला?"

"हो."

"माझा स्क्रू घसरला असता तर फोन एकदा खाली येऊन पडला असता. दरवेळी इमानाने थोडाथोडा, त्याच बाजूला नसता गेला." त्यांनी चित्रातल्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "भिंगरे, ओळंबा तिरका लोंबत नाही. कधीच नाही. तो या चित्रात तिरका दिसतोय, म्हणजे बघणारा तिरका झालाय."

मला कळेना. म्हणजे खरंच कळलं नाही. मी म्हटलं, तेच तर सांगतेय, फोन तिरका झालाय. बाबांनी पिशवीतून पाणसळ काढली, तीच ती काचेच्या नळीतला बुडबुडा बघून जमीन-खिडकी सपाट आहे का ते सांगणारी. पडदा बाजूला केला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ती आडवी ठेवली. बुडबुडा मध्ये थांबला नाही. सावकाश सरकत एका टोकाला जाऊन बसला.

"ही खिडकी मी बसवली तेव्हा तो मधोमध होता," बाबा म्हणाले. मग भिंतीच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन त्यांनी तळव्याने ती चाचपली, दुखऱ्या जनावराला हात लावावा तशी. "हा कोपरा खाली चाललाय. अख्खी भिंत एका तुकड्यात चाललीय, म्हणून चरासुद्धा नाही. पाय एका बाजूला खचला की कळ कमरेत निघते, तशी ती भेग तिकडे निघाली. एकदाच निघाली आणि थांबली. आपण दोघं तिच्याकडेच बघत बसलो." ते वळले. "चल. बाहेर."

आणि बघा माझी तऱ्हा. तीन आठवडे ज्या शब्दासाठी तडफडले तो शब्द ऐकला, आणि मी काय म्हणाले?

"बाबा, एक दिवस थांबू. पाणसळ चित्रात घेते. बुडबुडा सरकताना दिसला की बाईंची बोलतीच बंद. एकच दिवस. तुम्ही पुढच्या खोलीत बसा, मी फक्त—"

"तुला भिंत पडताना बघायचीय?"

"पुरावा लागतो ना!"

मी त्यांचं ऐकतच नव्हते. पाणसळ उचलली, फोन घेतला आणि नेहमीसारखी खाटेवर चढले. स्टँडमध्ये फोन अडकवायला हात वर केला. पायाखाली काहीतरी मऊ लागलं. खाली बघितलं तर बाबांची उशी. मी थोपटून ठेवलेली. त्यावर त्यांच्या डोक्याचा खळगा तसाच होता, आणि उशीपासून भिंत चार बोटांवर.

इथे मी आणून ठेवलं होतं त्यांना. त्यांनी आरडाओरडा केला होता, नको म्हणाले होते, तीस वर्षांची जागा सोडायला तयार नव्हते. मी फरफटत आणलं. दोन आठवडे रोज संध्याकाळी या उशीशेजारी उभी राहून, या भिंतीला टेकून, मी समोरच्या भिंतीवर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता.

मी खाटेवर मटकन बसले. उठता येईना. मशीन धडधडत होतं आणि भिंत माझ्या पाठीशी होती आणि मला ते कळत होतं, तरी उठता येईना.

"आता का बसलीस?" बाबा दारातून ओरडले. "आयुष्यात कधी बसली नाहीस, आता बसायचं सुचलं?"

"बाबा, मी तुम्हाला इथे..."

"माहीत आहे मला. ऊठ."

ते परत आत आले. दंडाला धरून त्यांनी मला उठवलं, लहानपणी शाळेसाठी उठवायचे त्याच जोराने, आणि स्वयंपाकघरातून, माझ्या खोलीतून, थेट रस्त्यावर आणून उभं केलं. माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात पाणसळ. पायात चपला नव्हत्या.

फोन फ्लाइट मोडवरून काढला आणि इंजिनिअर बाईंना लावला. काय बोलले ते आठवत नाही. त्या तासाभरात आल्या. आत गेल्या, पाणसळ स्वतः ठेवून बघितली, बाहेर येऊन ती परत माझ्या हातात दिली आणि मागे पत्र्यांच्या आत गेल्या. जरा वेळाने धडधड बंद झाली. इतक्या दिवसांनी इतकं शांत झालं की शेजारचे लोक दारात आले. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आमच्या कोपऱ्याखालची माती खड्ड्यात घसरली होती. पायाचे दगड उघडे पडले होते, दोन तर अधांतरी होते. मागून टेकू द्यायला माणसं बोलावलीत, त्या म्हणाल्या. तोवर कुणीही आत जायचं नाही, एक वस्तूसुद्धा आणायला नाही.

शेजाऱ्यांनी खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. बाईंनी फाइल खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानेच फॉर्म भरायला घेतला.

"घर कुणी बांधलं?"

"मी."

"पाया किती खोल?"

बाबांनी घराकडे बघितलं. मला वाटलं, आता ते चाळीस वर्षांचं वाक्य येणार. मी मान खाली घातली.

"साडेतीन फूट," ते म्हणाले. "त्या बाजूला जमीन भुसभुशीत होती, पाच तरी घ्यायला हवा होता. माझ्या लक्षात आलं होतं. घाई केली."

बाईंनी लिहिलं. माझ्या बापाच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांना सांगावंसं वाटलं की परत घ्या ते, मला नको आहे जिंकायला.

"आतून त्या भिंतीवर एक खूण नाही," बाई म्हणाल्या. "मी स्वतः येऊन गेले, माझ्याही लक्षात आलं नाही. अजून चार-पाच दिवस गेले असते तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "ही भिंत खचतेय हे शोधलं कुणी?"

"माझ्या मुलीनं," बाबा म्हणाले. "फोन लावून तीन आठवडे राखण केली तिनं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं, आणि लिहायला लागल्या. मला ते सहन झालं नाही.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "मी दुसऱ्याच भिंतीवर लक्ष ठेवून होते. खचणाऱ्या भिंतीखाली यांची खाट मी नेऊन ठेवली. मीच. ते नको नको म्हणत होते. एकवीस दिवस मी त्यांना तिथे झोपवलं."

पेन थांबलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"नक्की काय लिहू?"

बाबांनी माझ्या हातातली पाणसळ काढून घेतली.

"हे लिहू नका," ते म्हणाले. "आधी सांगितलं ते लिहा."